दोन नवतपे काढलेला नॉक्टुआ एनएच-यू१२एस : एकोणीस महिन्यांचा अनुभव

नागपुरात नुसतं ‘कूलर’ म्हटलं की खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर डोळ्यांपुढे येतो. या अनुभवात तोही येणार आहे, पण मी सांगतेय ते प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरबद्दल. माझ्या घरात या दोघांचा जवळचा संबंध आहे. मी घरीच ऑडिओबुकांचं वाचन आणि संपादन करते. रेकॉर्डिंग चालू असताना खिडकीतला कूलर बंद ठेवावा लागतो, छताचा पंखाही. मे महिन्यात रात्री दहा वाजताही खोली ३६-३७ अंशांवर असते, आणि दारं-खिडक्या लावल्या की तासाभरात आणखी एखादा अंश चढते. म्हणजे ज्या वेळी मला संगणक अगदी गप्प हवा असतो, त्याच वेळी त्याला सर्वांत गरम हवेत काम करावं लागतं.

नॉक्टुआचा एनएच-यू१२एस मी नोव्हेंबर २०२३ मध्ये बसवला. तेव्हापासून दोन हिवाळे, दोन उन्हाळे आणि दोन्ही नवतपे, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत तापणारे नऊ दिवस, त्याने काढले आहेत. संगणक रोज आठ-दहा तास चालू असतो. प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स, आठ कोअरचा. त्याच्यावर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी पूर्ण कामाला लागला की तो ७६ वॉटपर्यंत घेतो. या प्रोसेसरच्या खोक्यात कूलर येत नाही, वेगळा घ्यावाच लागतो.

आधी एक स्वस्तातला, दिव्यांचा टॉवर कूलर होता, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा. कंपनीचं नाव घेत नाही. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या एप्रिलमध्ये पंख्यातून टिक-टिक सुरू झाली, आधी फक्त सकाळी संगणक सुरू करताना, मग दिवसभर. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण उष्णतेने आटत जातं आणि दांडा थोडा खेळायला लागतो, तोच हा आवाज. कानाला तो बारीक वाटतो, पण मायक्रोफोनला नाही. मला काम देणारे लोक शांत जागेतला पार्श्वध्वनी -६० डेसिबलच्या खाली मागतात, आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो -५४ येत होता. सॉफ्टवेअरने तो काढता येतो, पण मग आवाजातला श्वासही कापला जातो आणि ‘स’, ‘श’ पातळ होतात. एका कादंबरीची तीन प्रकरणं मी पुन्हा वाचली, तेव्हा ठरवलं की हे आता बदलायचं.

इथल्या बर्डीच्या बाजारातल्या दुकानात गेले तर पहिलाच सल्ला मिळाला, “मॅडम, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिक्विडच घ्या.” मी तो मानला नाही. लिक्विड कूलर उष्णता काढण्यात कमी असतो असं मुळीच नाही. दोनशे वॉटच्या पुढचा प्रोसेसर असेल तर मीही त्याचा विचार केला असता. पण त्यात पंख्यांबरोबर एक पंपही असतो. पंपाची बारीक घरघर कायमची, आणि पंप गेला की सगळा कूलरच गेला. नळ्यांमधून द्रवही वर्षानुवर्षं कणाकणाने उडत असतो. आणि मुख्य म्हणजे दोन्ही प्रकार शेवटी उष्णता खोलीच्याच हवेत सोडतात. खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी तिला २५ करत नाही.

टॉवर कूलरमध्ये झिजणारी वस्तू एकच, पंखा. बाकी सगळा धातू. तांब्याच्या नळ्या पोकळ आणि दोन्ही टोकांना बंद असतात. आतली हवा काढलेली असते आणि थोडंसं पाणी असतं. दाब कमी असल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती वर पात्यांपाशी जाऊन थंड होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून पाणी पुन्हा खाली झिरपतं. यात ना मोटर, ना काही फिरणारं. यू१२एसमध्ये अशा पाच नळ्या आहेत. पंखा साधा १२० मिलिमीटरचा. दहा वर्षांनी तो गेलाच तर कुठल्याही दुकानातला १२० चा चांगला पंखा त्याच क्लिपांनी बसेल. टिकाऊपणा म्हणजे माझ्या लेखी हा.

खरं तर मला याच कंपनीचा मोठा एनएच-डी१५ हवा होता. त्यात दोन मनोरे आहेत आणि १४० मिलिमीटरचे दोन पंखे. पण त्याची उंची १६५ मिलिमीटर, आणि माझ्या कॅबिनेटमध्ये जागा १६० ची. यू१२एस १५८ मिलिमीटर आहे. दोन मिलिमीटरने बसला. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘सीपीयू कूलरची कमाल उंची’ लिहिलेली असते, ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय हा मनोरा पंख्यासकट फक्त ७१ मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे रॅमच्या कांड्यांवर येत नाही. माझ्या चारही खाचा मोकळ्या आहेत.

थर्मलराइटचा पीअरलेस असासिन १२० एसई सुद्धा माझ्या यादीत होता. सहा नळ्या, दोन पंखे, उंची १५५ मिलिमीटर, आणि दुकानात मला साधारण निम्म्या किमतीत मिळत होता. उष्णता काढण्याच्या बाबतीत तो यू१२एसला मागे टाकतो, आणि पैशाच्या हिशेबाने बहुतेकांनी तोच घ्यावा असं मी मनापासून सांगते. मी साडेसहा हजारांच्या आसपास खर्च केले ते पंख्याच्या बेअरिंगसाठी, सहा वर्षांच्या वॉरंटीसाठी आणि आणखी एका गोष्टीसाठी. यू१२एस २०१३ मध्ये आला. माझा प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतो ते एएम४ सॉकेट त्यानंतर चार वर्षांनी आलं. तरी कंपनीने जुन्या ग्राहकांना नव्या सॉकेटचा बसवायचा संच फुकट दिला. आज माझा कूलर एएम४ वर आहे, आणि त्यापुढच्या एएम५ वरही हाच संच चालतो. उद्या मदरबोर्ड बदलला तरी कूलर बदलायचा नाही.

बसवण्यापेक्षा जुना काढणं जास्त धोक्याचं होतं, ते नीट सांगते. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाखाली असतात, १३३१. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता पोचवायला लावलेली जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढलात, तर लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर येऊ शकतो. मी आधी दहा मिनिटं व्हिडिओ रेंडरला लावला, म्हणजे पेस्ट गरम होऊन मऊ पडली. मग संगणक बंद करून, प्लग काढून, स्क्रू सोडले आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटा केला. ओढला नाही. नवा बसवायला अर्धा तास लागला. मदरबोर्डची मागची मूळ पट्टी तशीच राहते, पुढचे प्लास्टिकचे कंस काढायचे, त्यांच्या जागी धातूच्या पट्ट्या लावायच्या आणि स्प्रिंगचे दोन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. शेवटी ते आपोआप थांबतात, जास्त आवळायची भीती नाही.

आता आवाज. खोक्यावरचा आकडा २२.४ डेसिबल, तो मिनिटाला १५०० फेऱ्यांना. एकोणीस महिन्यांत माझा पंखा १५०० वर एकदाही गेलेला नाही, त्यामुळे तो आकडा माझ्या उपयोगाचा नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून सगळा खेळ पंखा हळू फिरवायला मिळण्याचा आहे. मनोऱ्यातल्या पात्यांचं क्षेत्रफळ आपण विकत घेतो ते त्यासाठीच.

पण पहिल्या आठवड्यात मी निराश झाले होते. पंखा हळू होता, तरी सारखा वर-खाली व्हायचा. ब्राउझर उघडला की ‘हूं’, दोन सेकंदांनी गप्प, पुन्हा ‘हूं’. कूलरचा यात काहीच दोष नव्हता. रायझनमधला उष्णता देणारा तुकडा फार लहान आहे, सुमारे ८० चौरस मिलिमीटर. एखादं पान उघडलं तरी त्याचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि लगेच उतरतं. धातू तेवढ्यात तापलेलासुद्धा नसतो, पण मदरबोर्ड आकडा बघून पंख्याला पळवतो. कानाला एकसारखा आवाज पाच मिनिटांत ऐकू येईनासा होतो, बदलणारा आवाज मात्र दर वेळी लक्ष वेधतो. आणि रेकॉर्डिंगमधून तो काढणं जवळजवळ अशक्य.

उपाय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे. मी पंखा ६० अंशांपर्यंत ६५० फेऱ्यांवर बांधून टाकला. तिथून ७५ अंशांपर्यंत तो हळूहळू ९०० वर जातो, ८२ ला १२००. त्याच पानावर वेग वाढवण्याआधी किती सेकंद थांबायचं तेही ठरवता येतं. माझ्या बोर्डवर त्याला ‘स्टेप अप टाइम’ म्हणतात, दुसऱ्या बोर्डांवर नाव वेगळं असेल. मी तो सर्वांत जास्त ठेवला. त्या संध्याकाळी मी हेडफोन लावून रिकामी खोली रेकॉर्ड केली आणि आकडा -६३ आला. खुर्चीच्या कुरकुरीपेक्षा संगणक शांत! मी खरंच उठून कॅबिनेटपाशी कान लावून पाहिला, पंखा फिरतोय ना म्हणून.

या -६३ मध्ये थोडा वाटा मायक्रोफोनच्या दिशेचाही आहे. कार्डिऑइड मायक्रोफोन पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा त्याची पाठ कॅबिनेटकडे केली. आणि कूलर शांत झाल्यावर आधी झाकलेले आवाज वर आले. जुनी हार्ड डिस्क कॅबिनेटच्या पत्र्याला गुणगुणवत होती. ती काढून बाहेरच्या डब्यात घातली आणि फक्त बॅकअपच्या वेळी जोडते. कॅबिनेटचे तीन पंखेही ६०० वर आणले.

तापमानाचे आकडे माझ्या वहीत आहेत. पूर्ण जोर लावला, म्हणजे अर्धा तास रेंडर, तर प्रोसेसर खोलीपेक्षा ४०-४२ अंश वर राहतो. जानेवारीत खोली २० वर होती, प्रोसेसर ६१. मेमध्ये खोली ३८, प्रोसेसर ७९. दोन्ही ऋतूंत फरक जवळजवळ तोच. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे. पुण्या-नाशिकच्या थंडीत घेतलेल्या आकड्यांवर विसंबून विदर्भात कूलर घेऊ नका. तुमच्या खोलीचं मे महिन्यातलं तापमान घ्या, त्यात तो फरक मिळवा, आणि मर्यादेच्या खाली आठ-दहा अंश उरतात का बघा. मी नवतप्याचे दिवस आणखी एक करते, बायोसमध्ये प्रोसेसरची वीज ६० वॉटवर बांधते. अर्ध्या तासाच्या रेंडरला दोन मिनिटं जास्त लागतात आणि तापमान सात-आठ अंशांनी उतरतं.

धुळीकडे मात्र लक्ष द्यावं लागलं. खिडकीतल्या कूलरची ओलसर हवा खोलीत आली की धूळ पात्यांवर चिकटून बसते, कोरड्या दिवसांसारखी झटकली जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात जूनच्या शेवटी पाहिलं तर पात्यांच्या पुढच्या कडेला करडी साय धरली होती आणि फरक ४१ चा ४५ झाला होता. क्लिपा काढून पंखा सुटा केला, मऊ ब्रश आणि ब्लोअर मारला, पुन्हा ४१. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्याला बोट लावून धरा. हवेच्या जोराने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंगवर ताण येतो. दुसऱ्या उन्हाळ्यात कॅबिनेट खिडकीच्या झोतातून हलवून दुसऱ्या भिंतीला नेलं आणि दर सहा आठवड्यांनी साफ केलं. फरक ४२ च्या वर गेला नाही.

पंख्याचं बेअरिंग तेलाच्या दाबावर चालणारं आहे, आणि कंपनी त्याला दीड लाख तास देते. चोवीस तास चालवलं तरी ती सतरा वर्षं होतात. अर्थात हा सरासरीचा आकडा आहे, माझ्या एका पंख्याची हमी नाही. आज सकाळी बाजूचा पत्रा काढून, कॅबिनेटचे पंखे थांबवून कान जवळ नेला. टिक-टिक नाही, घरघर नाही, फक्त हवा.

बेज आणि तपकिरी रंग पुष्कळांना आवडत नाही. त्यांच्यासाठी काळा क्रोमॅक्सही मिळतो. माझ्या कॅबिनेटला काच नाही, मला रंगाने फरक पडला नाही. ज्यांचा प्रोसेसर १४० वॉटच्या पुढे जातो त्यांनी आपल्या हवेत यू१२एस घेऊ नये. जागा असेल तर डी१५, नसेल तर त्याच १५८ मिलिमीटर उंचीचा, सात नळ्यांचा आणि दोन पंख्यांचा यू१२ए बघावा.

दुसऱ्या पंख्याच्या क्लिपा यू१२एसच्या खोक्यातच येतात. मी मेमध्ये आठवडाभर दुसरा पंखा लावून पाहिला. दोन अंशांचा फरक पडला, पण दोन पंख्यांचा मिळून बारीक हेलकावा रेकॉर्डिंगमध्ये उतरला, म्हणून काढून टाकला. त्या क्लिपा, वेग १२०० वर रोखणारी छोटी वायर, उरलेली पेस्ट आणि बिल, सगळं मूळ खोक्यात घालून माळ्यावर ठेवलंय. बिलाचा फोटोही काढून ठेवा. छापील कागदावरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, माझ्या बिलावरची आताच फिकी झालीये आणि वॉरंटीची जवळजवळ साडेचार वर्षं अजून बाकी आहेत.