चाकातला च: वाचन शिकवणाऱ्या ॲपचा वर्षभराचा अनुभव

मुलीच्या वाचनाच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरण्याची सूचना आणि माझ्या तक्रारीला ग्राहकसेवेने पाठवलेले उत्तर एकाच आठवड्यात आले, आणि त्या उत्तरामुळे हे सविस्तर लिहीत आहे. मुलगी पहिलीत असून घरी मराठीच बोलली जाते.

तक्रार उच्चाराची आहे. शब्दावर बोट ठेवताच ध्वनिमुद्रित आवाज तो वाचून दाखवतो, हीच या ॲपची मुख्य सोय; परंतु 'चाक', 'चूल', 'चमचा' यांतला च तो 'चार'मधल्या चसारखा उच्चारतो आणि 'झाड'मधला झ 'झिम्मा'मधल्या झसारखा. मराठीत च, ज, झ यांचे तालव्य (जीभ टाळूला लागून होणारा, 'चार'मधल्यासारखा) आणि दंततालव्य (जीभ दातांजवळ लागून होणारा, 'चाक'मधल्यासारखा) असे दोन उच्चार आहेत, पण लिपीत त्यांना वेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे कोणत्या शब्दात कोणता उच्चार हे मूल कानानेच शिकते. अक्षरे जुळवत जाणाऱ्या मुलाला आपण वाचलेला शब्द म्हणजे रोज ऐकतो तोच शब्द, हे उमगण्याचा क्षण फार मोलाचा असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी हे ॲप माझ्या मुलीला परका उच्चार ऐकवते. मुलगी बोलताना चाक नीट म्हणते, पडद्यावर मात्र ॲपसारखे वाचते. ग्राहकसेवेच्या मते दोन्ही उच्चार चालतात. मला ते मान्य नाही. छापील पुस्तक निदान चुकीचे बोलत तरी नाही, आणि इथे तर आपण आवाजाचेच पैसे मोजतो.

पहिल्या वेलांटीचा धडा मात्र अप्रतिम आहे. 'कि'मधली वेलांटी लिहिताना कच्या आधी येते आणि तिचा उच्चार नंतर होतो, हा गोंधळ फळ्यावर समजावणे कठीण जाते. येथे आधी क उमटतो, मग वेलांटी सरकत डावीकडे येऊन बसते आणि त्याच वेळी ध्वनी बदलतो. 'सूर्य', 'प्रकाश', 'ट्रक', 'दऱ्या' यांतली रची रूपेही अशीच उलगडून दाखवली आहेत.

गोष्टींमधल्या चित्रांवरचे खेळ मला सुरुवातीला आवडले होते, कारण त्यांच्यामुळे मुलगी ॲप मागून घेत असे. पुढे लक्षात आले की ती मजकूर सोडून केवळ चित्रेच दाबते. टाकाच, स्वार्ट आणि बुस या संशोधकांनी 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून हाच भेद दाखवला होता: कथेशी जुळणारी हलती चित्रे आणि आवाज आकलनाला मदत करतात, तर मध्येच येणारे खेळ लक्ष विचलित करतात. आता खेळ बंद ठेवले आहेत. ती आधी स्वतः वाचते आणि मगच आवाज लावून पडताळते. प्रगती खरी याच पद्धतीने झाली.

प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार विनामूल्य मिळतात आणि त्या घरीच वाचल्या की उच्चार घरचा असतो, म्हणून यंदा वर्गणी भरणार नाही. ॲपवाल्यांनी मराठी बोलणाऱ्या व्यक्तीकडून च, ज, झचे शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतले, तर केवळ वेलांटीच्या त्या धड्यासाठीही मी वर्गणी आनंदाने भरीन.