डब्ल्यूडब्ल्यूईतून सुटलेले पैलवान कुठं बघावेत: जपानात की इंडीजवर?

न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी कंपनीत काही वर्षं विजेतेपदाचा एक पट्टा फिरत होता, आयडब्ल्यूजीपी युनायटेड स्टेट्स हेवीवेट. 2018 च्या सप्टेंबरअखेर तो कोडीनं ज्यूस रॉबिन्सनकडून घेतला. 4 जानेवारी 2019 ला टोकियो डोममध्ये ज्यूसनं परत मिळवला. पाच महिन्यांनी, 5 जूनला, जॉन मॉक्सलीनं ज्यूसला पाडून नेला. ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं, मॉक्सली जपानला पोचू शकला नाही, कंपनीनं पट्टा काढून घेतला आणि त्याच रात्री लान्स आर्चरनं ज्यूसला हरवून तो कमरेला बांधला.

आता या चौघांची जुनी ओळख सांगतो. कोडी म्हणजे तोंडाला रंग फासून फिरणारा स्टारडस्ट. ज्यूस म्हणजे एनएक्सटी या डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवख्यांच्या कार्यक्रमातला सीजे पार्कर, पर्यावरणाच्या घोषणा देत हरणारा हिप्पी. मॉक्सली म्हणजे शील्ड या तिघांच्या टोळीतला डीन अ‍ॅम्ब्रोज. आर्चर 2010 पर्यंत व्हान्स आर्चर होता, आणि तेव्हाचा तो कुणाला फारसा आठवत नाही. चौघंही डब्ल्यूडब्ल्यूईतून बाहेर पडलेले, आणि एका जपानी पट्ट्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले.

हा आढावा ज्यांच्यासाठी लिहितोय ते वाचक मला चांगले ठाऊक आहेत. शाळेत असताना टेन स्पोर्ट्सवर बघितलं, पत्त्यांसारखी कार्डं जमवली, मग सुटलं. एप्रिल 2025 पासून डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर आल्यावर पुन्हा डोकावले आणि विचारायला लागले, "तो अमका दिसत नाही, गेला कुठं?" हाताशी आठवड्याचे दोन-तीन तास. तेवढ्यात जपान बघायचं की अमेरिकेतली इंडीज, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांची सर्किट? दोन्ही नीट बघणं नोकरी-संसारात जमत नाही. मी करून बघितलंय.

एक गोष्ट आधी मिटवून टाकू. निकाल ठरलेला असतो का? असतो, सगळीकडे. नुरा कुस्तीच आहे ही. फरक पडतो तो पैलवानानं काय बोलायचं, कसं लढायचं आणि कुठल्या नावानं लढायचं हे कोण ठरवतं त्यानं. नावावरनंच बघा. कोडी हा डस्टी ऱ्होड्सचा मुलगा, पण 2016 ला डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यावर 'ऱ्होड्स' हे नाव त्याला रिंगणात वापरता येईना, कारण त्यावर कंपनीचा हक्क. 2020 च्या अखेरीपर्यंत तो नुसता 'कोडी' म्हणून लढला. बापाचं नाव लावायला साडेचार वर्षं! मॉक्सलीला ही अडचण आली नाही. इंडीजवर असताना तो मॉक्सलीच होता, तेच नाव त्यानं पुन्हा उचललं.

बाहेर पडण्याची तऱ्हाही महत्त्वाची. कंपनीनं काढलं तर साधारण 90 दिवस दुसरीकडे लढता येत नाही. करार आपोआप संपला तर ती अट नाही. मॉक्सलीचा करार एप्रिल 2019 अखेर संपला, 25 मेला तो लास व्हेगसमध्ये एईडब्ल्यू या नव्या अमेरिकी कंपनीच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून चालत आला आणि 5 जूनला टोकियोत पट्टा घेतला. पाच आठवड्यांत तीन कंपन्या.

आता जपान.

तालीम माहीत असलेल्या माणसाला न्यू जपान समजायला वेळ लागत नाही. तिथले नवखे म्हणजे 'यंग लायन'. काळी चड्डी, काळे बूट, बाकी काही नाही. डोजोत, म्हणजे कंपनीच्या तालमीत, राहायचं, जेवण रांधायचं, झाडलोट करायची, वरच्यांच्या पिशव्या उचलायच्या, आणि कार्यक्रमाच्या पहिल्या कुस्तीत मोजक्याच डावांवर लढून हरायचं. आपल्याकडं वस्तादाच्या हाताखाली माती उकरणारी, थंडाई घोटणारी पोरं असतात तसंच. सीजे पार्करनं 2015 ला आपणहून सुटका मागितली आणि इथं येऊन अशाच तळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात केली. टीव्हीवर येऊन गेलेला माणूस, पोरासोरांच्या रांगेत उभा. तीन वर्षांनी, 7 जुलै 2018 ला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये त्यानं जे व्हाइटला हरवून तो पट्टा पहिल्यांदा जिंकला. मला या चौघांत ज्यूस सगळ्यात आवडतो, हे कबूल करतो, म्हणजे पुढचा निवाडा वाचताना तुम्ही तेवढं वजा करून वाचाल.

इथली कुस्ती सावकाश तापते. जी-वन क्लायमॅक्स ही त्यांची उन्हाळी साखळी स्पर्धा, 2019 ला दोन गटांत दहा-दहा जण, प्रत्येक जोडीला 30 मिनिटांची मर्यादा. त्यातली कोराकुएन हॉलमधली मॉक्सली आणि टोमोहिरो इशीची जोड बघा. इशी बुटका, मान नसलेला, खांद्यांवर थेट डोकं ठेवल्यासारखा. मॉक्सली त्याला कोपरानं हाणतो, तो हलत नाही. पुन्हा हाणतो, तो एक पाऊल पुढं येतो. प्रेक्षक गप्प बसून बघतात, मग एका फटक्याला अख्ख्या हॉलमधनं "ओऽऽ" येतं. कोल्हापूरच्या खासबागेत खडाखडी चालू असताना मैदान जसं श्वास धरून बसतं, तसा तो हॉल बसतो. डब्ल्यूडब्ल्यूईत दर काही सेकंदांनी कॅमेरा बदलतो. इथं तो थांबतो आणि तुम्हालाही थांबायला लावतो.

मॉक्सलीनं या दौऱ्यात शोता उमिनो या यंग लायनला काही मिनिटांत चिरडलं, आणि मग त्यालाच चेला करून बरोबर फिरवलं. भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही, तरी कळतं सगळं. असलं प्रकरण कुणी कागदावर लिहून दिलं असतं तर इतकं जमलं नसतं असं मला वाटतं.

जपानचा तोटा अंतराचा. वादळात पट्टा गेला तो 4 जानेवारी 2020 ला मॉक्सलीनं आर्चरकडून परत मिळवला, आणि मग कोरोनाची साथ आली. पट्टा 564 दिवस त्याच्याकडं राहिला, पण त्यातला बराच काळ तो अमेरिकेत, पट्टाही अमेरिकेत, आणि जपानचे प्रेक्षक टाळ्या वाजवायला दुसरं कुणी शोधत बसलेले. शेवटी तो आर्चरनंच घेतला, जुलै 2021 मध्ये, तोही एईडब्ल्यूच्या कार्यक्रमात. मर्सेडिस मोने, म्हणजे पूर्वीची साशा बँक्स, हिचंही तसंच. 4 जानेवारी 2023 ला टोकियो डोममध्ये आली, फेब्रुवारीत आयडब्ल्यूजीपी महिला पट्टा जिंकला, एप्रिलमध्ये योकोहामात मायू इवातानीकडून हरली, मे महिन्यात घोटा गेला. पाचच महिन्यांचा मुक्काम. पुढं 2025 मध्ये तिनं वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे दहावर पट्टे एकाच वेळी गोळा केले. फोटोत ती पट्ट्यांच्या ढिगाआड दिसेनाशी होते.

आता इंडीज, आणि इथं सूर एकदम बदलतो.

मॅट कार्डोनाचं उदाहरण घ्या. डब्ल्यूडब्ल्यूईत तो झॅक रायडर. 3 एप्रिल 2016 ला रेसलमेनियात शिडीवर चढून इंटरकॉन्टिनेंटल पट्टा जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी रॉ या साप्ताहिक कार्यक्रमात हरला. एका रात्रीचा राजा. साथीच्या काळात, 15 एप्रिल 2020 ला, बऱ्याच जणांबरोबर त्यालाही काढलं. वर्षभरानं, 24 जुलै 2021 ला, तो अटलांटिक सिटीत जीसीडब्ल्यू या इंडी कंपनीच्या रिंगणात निक गेजसमोर उभा होता. गेज म्हणजे डेथमॅचवाल्यांचं दैवत: ट्यूबलाइटी फोडून, काचांवर आपटून लढणारा. प्रेक्षकांना टीव्हीवरचा हा गुळगुळीत माणूस नकोच होता. कार्डोना रक्तानं न्हाला आणि जिंकला. मग रिंगणात बाटल्या, कचरा, हाताला येईल ते पडायला लागलं. तो मध्ये उभा राहून पट्टा दाखवत होता. लोकांचा तिरस्कार हेच त्यानं दुकान केलं, आणि ते चाललं. दुकान हा शब्द मुद्दाम वापरलाय. इंडीजवर मानधन जेमतेम असतं, खरी कमाई होते ती हॉलच्या मागच्या टेबलावर. पैलवान स्वतः टी-शर्ट विकतो, सही करतो, फोटो काढून देतो आणि सुटे पैसे मोजून परत करतो. टीव्हीवरचा माणूस सुटे मोजताना दिसतो, हे मला अजून गमतीचं वाटतं.

कोडीनं हाच रस्ता जास्त लांब नेला. मे 2016 ला बाहेर पडल्यावर त्यानं कुणाशी आणि कुठं लढायचंय याची हातानं लिहिलेली यादी ट्विटरवर टाकली आणि एकेक नाव खोडत गेला. इव्हॉल्व्ह, पीडब्ल्यूजी, रिंग ऑफ ऑनर अशा कंपन्या, मध्येच जपान. 1 सप्टेंबर 2018 ला यंग बक्स या पैलवान भावांबरोबर शिकागोजवळ 'ऑल इन' हा कार्यक्रम भरवला. तिकिटं अर्ध्या तासात संपली, 11,263 लोक आले, आणि बापानं कधीकाळी मिरवलेला एनडब्ल्यूए या जुन्या संघटनेचा पट्टा पोरानं त्या रात्री जिंकला. चार महिन्यांनी एईडब्ल्यू जन्माला आली. तिच्याबद्दल इथं फार लिहीत नाही. टोनी खानच्या घरचे पैसे, साप्ताहिक टीव्ही, मोठी स्टेडियमं. तिला इंडी म्हणणं म्हणजे साखर कारखान्याला गुऱ्हाळ म्हणणं.

इंडीजचा तोटा सरळ आहे: दर्जा वर-खाली होतो. दोन उत्तम कुस्त्यांसाठी सहा रद्दी बघाव्या लागतात. शिवाय डेथमॅच घरात पोरं असताना लावायची नाही. मी एकदा लावली, आमच्या घरी त्यावर झालेली चर्चा त्या कुस्तीपेक्षा लांबली.

काहींना वाटेल, शेवटी परत जातातच ना सगळे? सगळे नाही, पण जातात. 12 जून 2014 ला ड्रू मॅकिन्टायर आणि जिंदर महाल यांना एकाच दिवशी काढलं होतं. दोघं एकाच विनोदी टोळीतले. ड्रूनं ग्लासगोच्या आयसीडब्ल्यू या छोट्या कंपनीपासून टीएनए या अमेरिकी कंपनीच्या पट्ट्यापर्यंत रान पालथं घातलं. जिंदरच्या नावावर बाहेर एवढं काही नाही, तरी तो 21 मे 2017 ला रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. ड्रूला तोच पट्टा मिळायला एप्रिल 2020 उजाडावं लागलं, आणि समोर एकही प्रेक्षक नव्हता. म्हणून परतीचा प्रवास बघून बाहेरच्या कामाची किंमत ठरवू नका. कोडी 2022 ला परतला आणि 2024 च्या रेसलमेनियात रोमन रेन्सला हरवून चॅम्पियन झाला, हे खरं. पण परत आलेला कोडी स्टारडस्ट नव्हता; मधली सहा वर्षं बघितली नाहीत तर तो कोण हे कळणार नाही.

घड्याळाचाही विचार करा. अमेरिकेतला बुधवारी रात्री आठचा कार्यक्रम आपल्याकडं गुरुवारी पहाटे साडेपाच किंवा साडेसहाला येतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे तिथला संध्याकाळी पाचचा कार्यक्रम आपल्या दुपारी दीडला, जेवून बसायच्या वेळेला. टोकियो डोमचा 4 जानेवारीचा मोठा कार्यक्रम रविवारी आला तर सोन्याहून पिवळं. मोठ्या कार्यक्रमांना इंग्रजी समालोचन असतं. छोटे कार्यक्रम जपानीतच बघावे लागतात, आणि महिन्याभरात तुम्हाला 'वन, टू' ऐवजी नुसत्या रेफरीच्या हातावरनं मोजता यायला लागतं.

तर निवाडा. मातीतली किंवा मॅटवरची कुस्ती तुम्ही आवडीनं बघत असाल, पाऊण तासाची जोड निकाली निघेपर्यंत उठत नसाल, तर जपान. सुरुवात मॉक्सली आणि इशीपासून. पहिल्या दहा मिनिटांत मोबाइल हातात घेतलात तर समजा हे तुमच्यासाठी नाही, आणि अपराधी वाटून घेऊ नका. तुम्हाला मूळ डब्ल्यूडब्ल्यूईत भाषणं, भांडणं, उलथापालथी आवडायच्या, तर इंडीजवर कार्डोना. आठवड्याला एकच तास असेल तर माझं मत जपानला. इंडीजवर चांगलं ते शोधण्यातच तो तास जातो.

आणि कुठलंही निवडलंत तरी 'ऑल इन'मधली कोडीची एनडब्ल्यूए पट्ट्याची कुस्ती सोडू नका. त्याच्यासमोरचा इंग्लिश गडी निक आल्डिस आपल्याकडं येऊन गेलाय. 2011 च्या डिसेंबरात टीएनएनं 'रिंग का किंग' या कार्यक्रमाचं चित्रीकरण पुण्यात बालेवाडीला केलं, तेव्हा तो मॅग्नस नावानं लढला. त्याच्याबरोबर डब्ल्यूडब्ल्यूईतून सहा-सात महिन्यांपूर्वीच बाहेर पडलेला चावो गरेरो होता, आणि ऑगस्टमध्ये सुटलेला हॅरी स्मिथ. हॅरी पुढच्याच वर्षी जपानला गेला आणि तिथं त्याचा जोडीदार झाला लान्स आर्चर, तोच वरचा. बॉलिवूड बॉइज नावाचे दोन भाऊही बालेवाडीत होते. ते नंतर जिंदर महालच्या मागे-पुढे धावताना दिसले. मी तेव्हा कर्वेनगरला खोली करून राहत होतो. मित्र म्हणाला चल, मी म्हणालो, कसली ती नुरा कुस्ती, आणि गेलो नाही.