आर्थर मॉर्गन भला खेळावा की वाईट? ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ सुरू करण्याआधी

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा व्हिडिओ गेम नव्याने घेणारा जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: ऑनर वर ठेवू की खाली? प्रश्न रास्त आहे. मुख्य कथा संपवायलाच साधारण ५० तास लागतात, आणि नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला ती दुसऱ्यांदा खेळायला सवड मिळेलच असं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या खेपेला कथा संपताना ऑनर वर असावा, पण सुरुवातीपासून तो वर असण्याची गरज नाही. किंबहुना नसलेलाच बरा.

आधी ऑनर म्हणजे काय ते पाहू. साल १८९९, अमेरिकेचा काल्पनिक पश्चिम आणि दक्षिण, आणि डच व्हॅन डर लिंडेची कायद्यापासून पळणारी टोळी. आपण त्याचा उजवा हात, आर्थर मॉर्गन. डी-पॅडचं, म्हणजे कंट्रोलरवरच्या दिशा-बटणांपैकी खालचं, बटण दाबलं की आर्थरच्या भलेपणाचं माप, म्हणजेच ऑनर, दाखवणारी एक पट्टी दिसते, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला पांढरी. रस्त्यात भेटलेल्याला नमस्कार केला, कॅम्पमध्ये लाकडं फोडली, छोटा मासा पकडून पाण्यात परत सोडला, की पट्टी थोडी पांढऱ्याकडे सरकते. निरपराध माणूस मारला, वाटसरूला लुटलं, की लाल बाजूकडे.

पैशाचा हिशोब करून ठरवणार असाल तर सरळ सांगतो, त्यात फार अर्थ नाही. ऑनर अगदी वर नेला तर दुकानदार निम्म्या किमतीत माल देतात. खालच्या वाटेने गेलात तर लुटीचा पैसा पटकन हातात येतो, पण डोक्यावर बाउंटी, म्हणजे पकडून देणाऱ्यासाठीचं इनाम, चढते, इनाम शोधणारे मागे लागतात आणि पोस्टात जाऊन ती रक्कम भरत बसावं लागतं. दोन-तीन चॅप्टर संपले की कथेतल्याच दरोड्यांतून इतका पैसा जमतो की पुढे त्याची चणचण कोणालाच भासत नाही.

खुल्या जगात मात्र दोन्ही वाटांची चव खरोखर वेगळी आहे, आणि तिथे भल्या वाटेचं पारडं जड आहे. एक उदाहरण पुरे. रस्त्याच्या कडेला एक माणूस विव्हळत पडलेला दिसतो, त्याला साप चावलेला असतो. थांबून विष चोखून काढता येतं, औषध देता येतं, किंवा तसंच पुढे जाता येतं. वाचवलंत, की पुढे कधीतरी तोच माणूस बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला भेटतो, हाक मारतो आणि म्हणतो, आत जा, हवं ते घे, पैसे मी देतो. वाचवलं नाहीत तर पुढचं काहीच घडत नाही, आणि काय हुकलं हे कळतही नाही. वाईट वाटेवर असे दुवे कमी आहेत. लुटलेला माणूस सहसा परत भेटत नाही, ती गोष्ट तिथेच संपते. माझ्या मते या गेमच्या लेखनातली ही उणीव आहे: भलेपणाला स्मरणशक्ती दिली, वाईटपणाला बहुतेक वेळा फक्त बाउंटी.

आता यापुढे कथेतला सर्वात मोठा धक्का सांगावा लागणार आहे. त्याशिवाय ऑनर कथेला कसा वळवतो हे समजावताच येत नाही. ज्यांना तो धक्का स्वतः खायचाय त्यांनी इथेच थांबावं आणि वर सांगितलेलं मत तेवढं लक्षात ठेवावं.

दुसऱ्या चॅप्टरमध्ये टोळीचा सावकार स्ट्रॉस आर्थरला कर्जवसुलीला पाठवतो. थॉमस डाऊन्स हा आजारी, सज्जन शेतकरी. थोडं आधी व्हॅलेंटाईन गावात आर्थर एकाला बदडत असताना मध्ये पडून थांबवणारा हाच माणूस. आर्थर त्याला त्याच्याच कुंपणापाशी धरून मारतो, आणि डाऊन्स खोकतो तेव्हा त्याचं रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. बायको एडिथ आणि मुलगा आर्ची समोर उभे असतात. आर्थर तोंड पुसतो आणि निघतो. आपणही निघतो, कारण गेमने नुकतंच काय केलं हे त्या वेळी कळत नाही. कित्येक तासांनी आर्थर सेंट डेनिस शहराच्या रस्त्यात कोसळतो, आणि डॉक्टर सांगतो: क्षय. उबदार, कोरड्या हवेच्या ठिकाणी जा, विश्रांती घे. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने शोधला होता, पण स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचं औषध सापडायला १९४३ उजाडलं. १८९९ मध्ये डॉक्टरकडे देण्यासारखं एवढंच होतं.

ही वसुली टाळता येत नाही. ऑनर कितीही वर असो, मारावंच लागतं, आणि क्षय होतोच. तुमची पट्टी घटना बदलत नाही. बँका लुटल्या जातात, टोळी फुटते, आर्थर मरतो. बदलतो तो आर्थर स्वतःकडे कसा पाहतो हा भाग, आणि त्याचा शेवट.

दोन्ही टोकांच्या वाटा इथे अडखळतात. पहिल्या दिवसापासून संत होऊन खेळलात तर खुल्या जगातला तुमचा आर्थर छोटे मासे पाण्यात सोडतो, भिकाऱ्याला पैसे देतो, आणि मिशन सुरू होताच आजारी माणसाला त्याच्या मुलासमोर मारतो. जोड बसत नाही. उलट अखेरपर्यंत क्रूर खेळलात तर सहाव्या चॅप्टरमध्ये वेगळीच तफावत जाणवते. कथेतला आर्थर पश्चात्तापाने पोळलेला, टोळीतला साथी जॉन मार्स्टन आणि त्याच्या बायको-पोराला बाहेर काढायला धडपडणारा, आणि तुम्ही दोन मिशनांच्या मधे अख्खं गाव कापून काढलेलं. रॉजर क्लार्कने आर्थर अप्रतिम उभा केला आहे, २०१८ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम अभिनयाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. पण लेखकांच्या मनातला आर्थर बदलणारा आहे, आणि क्रूर वाटेवर तो बदल अधांतरी राहतो.

म्हणून मी तिसरी वाट सुचवतो. पहिले काही चॅप्टर ऑनरचा विचार न करता टोळीतला माणूस जसा वागेल तसं वागा. लुटा, भांडा, मनात आलं तर मदत करा. डॉक्टरची भेट झाली की मात्र वागणूक बदला. एडिथ डाऊन्स पुढे ॲन्सबर्ग या खाणीच्या गावात परत भेटते, पोटासाठी शरीर विकणारी, आर्ची खाणीत राबणारा. त्यांना मदत करायची मिशन्स करणं तुमच्या मर्जीवर असतं. ती सोडू नका. कर्जदारांची कर्जं माफ करून स्ट्रॉसला कॅम्पमधून हाकलायची संधी मिळते, तीही घ्या. तोंडावर उडालेलं ते रक्त ज्यांच्यामुळे लक्षात राहतं ती माणसं हीच.

आणखी एक गोष्ट पाचव्या चॅप्टरच्या आधीच करून ठेवा: सेंट डेनिसमध्ये ब्रदर डॉर्किन्स हा धर्मसेवक आणि सिस्टर काल्डेरॉन ही नन यांची कामं. ती पूर्ण असली आणि ऑनर घसरलेला नसला, तर सहाव्या चॅप्टरमध्ये रेल्वे स्टेशनवर आर्थरला सिस्टर काल्डेरॉन भेटते. त्या बाकावर बसून तो कबूल करतो की त्याला भीती वाटते. नाहीतर तिच्या जागी टोळीतला पाद्री रेव्हरंड स्वॉन्सन असतो. तो प्रसंगही वाईट नाही, पण पहिल्याची सर त्याला नाही. अख्ख्या गेममधला माझ्या लेखी तो सर्वोत्तम संवाद आहे.

शेवटाकडे येताना दोन गोष्टी एकत्र मोजल्या जातात: ऑनर, आणि अखेरच्या मिशनमधली निवड, जॉनला निसटू द्यायचं की पैशांसाठी परत फिरायचं. जॉनला मदत केली आणि ऑनर वर असला, तर आर्थर कड्यावर सरपटत जातो आणि उगवत्या सूर्याकडे पाहत प्राण सोडतो. तीच मदत, पण ऑनर खाली, तर टोळीतलाच मायका बेल डोक्यात गोळी घालतो. पैशांसाठी फिरलात तर जळत्या कॅम्पमध्ये मायकाशी झटापट, आणि ऑनर खाली असेल तर पाठीत सुरा. आर्थरला भासात दिसणारा प्राणीसुद्धा बदलतो, वरच्या ऑनरला हरीण आणि खालच्याला लांडग्यासारखा कोयोट. नंतर १९०७ मधल्या उपसंहारात थडगं शोधून काढलंत तर भल्या आर्थरच्या थडग्यावर फुलं असतात.

तुलनेसाठी २०१० चा पहिला ‘रेड डेड रिडेम्प्शन’ आठवा. तिथेही ऑनर होता, पण जॉन मार्स्टनचा शेवट तुम्ही कसेही वागलात तरी तोच. शिवाय तिथे तोंडाला रुमाल बांधला की बऱ्याच पापांचा हिशोब ऑनरच्या खात्यात चढत नसे. दुसऱ्या भागात रुमालाने ऑनर वाचत नाही. हा बदल मला फार योग्य वाटतो.

तरीही दोष आहेच. चार निरपराध मारून सेंट डेनिसच्या बाजारात ओळीने लोकांना नमस्कार करत फिरलात तर पट्टी हळूहळू भरून निघते. तसं करू नका. पट्टी भरेल, पण आर्थर हातून निसटेल.

ज्यांना नुसती मोकळी धुमश्चक्री हवी आहे त्यांनी खालची वाट खुशाल घ्यावी, मात्र दुसऱ्या खेळीत. पहिला शेवट पाहून झाल्यावर मायकाची ती गोळी जास्त लागते. आणि वाट कोणतीही असो, सहाव्या चॅप्टरमध्ये कॅम्प बीव्हर हॉलोला हलला की एक वेगळा सेव्ह करून ठेवा. ऑनर ऐनवेळी फिरवता येत नाही, पण जॉन की पैसे ही निवड त्या सेव्हवरून दोन्ही बाजूंनी पाहता येते.