वॉटर व्हिलाचं बुकिंग खरं होतं, खोली मात्र नव्हती

मालदीवचा सीझन डिसेंबर ते एप्रिल. पाऊस कमी, समुद्र शांत आणि दर वर्षातले सगळ्यात चढे. आपल्याकडे त्याची बुकिंगं गणपतीच्या आगेमागे सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत बरेच जण सगळे पैसे भरून मोकळे झालेले असतात. त्यांच्यापैकी ज्यांनी एजंटकडून पाण्यावरची व्हिला घेतली आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. फसवणुकीची ही तऱ्हा आम्हाला ठाऊक नव्हती, आमच्या ओळखीत कुणालाही ठाऊक नव्हती आणि पोलीस ठाण्यात ती समजावून सांगायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली.

बनावट व्हाउचर, खोटी वेबसाइट, अर्ध्या किमतीचं आमिष, हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. पुण्यात रस्त्यावर दर्शनी ऑफिस, आत चार मुलं कॉम्प्युटरवर बसलेली, बिलावर जीएसटी नंबर. दोघांचे विमानासकट दोन लाख ऐंशी हजार सांगितले. इतर दोन ठिकाणी विचारलं होतं, तिथेही आकडा दहा-पंधरा हजार इकडे-तिकडे असाच होता. चार रात्री, दक्षिण माले अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचा समूह) रिसॉर्ट, पाण्यावरची व्हिला, सकाळ-संध्याकाळचं जेवण, विमानतळापासून स्पीडबोट जाऊन-येऊन. पन्नास हजार क्रेडिट कार्डावर घेतले, बाकीचे हप्त्यांनी फर्मच्या करंट अकाउंटला एनईएफटीने. विमानाची तिकिटं लगेच आली. पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, आमची नावं बरोबर दिसत होती.

मग रिसॉर्टचं व्हाउचर आलं. नवऱ्याचा स्वभाव शंकेखोर. व्हाउचरवरचा ईमेल त्याने वापरला नाही. रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा पत्ता काढला आणि तिथे कन्फर्मेशन नंबर पाठवून विचारलं, हे बुकिंग खरं आहे का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हो, तुमच्या नावाने पाण्यावरची व्हिला या तारखांना कन्फर्म आहे, तुमच्या स्वागताची वाट पाहतो. याहून जास्त खात्री माणूस काय करणार?

आता नेमकं काय झालं ते सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. लहान-मोठे एजंट रिसॉर्टशी थेट व्यवहार करत नाहीत. ते घाऊक विक्रेत्यांच्या पोर्टलवरून खोली घेतात. तिथे एकाच खोलीचे दोन दर असतात. एक पैसे परत न मिळणारा, थोडा स्वस्त. दुसरा ठराविक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येणारा. सीझनमध्ये ही तारीख बहुतेक महिना-दीड महिना आधीची असते. आमच्या एजंटने दुसऱ्या दराने खोली घेतली. व्हाउचर खरं निघालं, नंबर खरा निघाला, रिसॉर्टच्या यादीत आमची नावं चढली. आम्ही चौकशी केली तेव्हा रिसॉर्टने खरं तेच सांगितलं. आमचा शेवटचा हप्ता त्याच्या खात्यात पडला आणि फुकट रद्द करायच्या शेवटच्या दिवशी त्याने ती खोली सोडून दिली. त्याला घाऊक विक्रेत्याकडे एक पैसाही भरावा लागला नाही. आमचे पैसे त्याच्याकडे राहिले. आमच्या हातातल्या व्हाउचरवर यातलं काहीच उमटत नाही, ते आदल्या दिवशीसारखंच दिसतं.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही निघालो. मुंबईहून माले तीन तासांच्या आत-बाहेर. मालदीवमध्ये उतरताना राहण्याची सोय दाखवावी लागते. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने व्हाउचर पाहिलं, शिक्का मारला. तोही ते रिसॉर्टशी ताडून पाहत नाही, आणि त्याने पाहावं अशी अपेक्षाही नाही.

मालेच्या वेलाना विमानतळाबाहेर पडलो तर समोर रिसॉर्टच्या काउंटरांची रांग होती आणि दहा पावलांवर जेट्टी. पाणी इतकं नितळ की उभ्या बोटींच्या सावल्या तळाच्या वाळूवर दिसतात. आमच्या रिसॉर्टच्या काउंटरवर एक मल्याळी मुलगा होता. टॅबवरची यादी त्याने वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. मग पासपोर्ट मागून घेतला आणि बेटावर फोन लावला. फोनवर बोलता बोलता त्याने आमच्याकडे पाहायचं थांबवलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. फोन ठेवून तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपका बुकिंग था. डिसेंबर में कॅन्सल हो गया है. आपके एजंट की तरफ से."

एजंटने पहिला फोन उचलला. "ताई, काळजी करू नका, सिस्टीमचा एरर असेल, अर्ध्या तासात नवीन व्हाउचर पाठवतो." तासाभराने दुसरा उचलला. "सर, घाऊकवाल्याशी बोलणं चालू आहे, तुम्ही तोवर कॉफी घ्या." तिसऱ्यानंतर फोन बंद.

त्या मुलाने आमच्यासाठी बेटावर पुन्हा विचारलं. पाण्यावरची एक व्हिला रिकामी होती, रात्रीला 750 डॉलर, "प्लस प्लस". हे प्लस प्लस नीट समजून घ्या, कारण पॅकेज सोडून स्वतः बुकिंग करणाऱ्यांनाही इथेच धक्का बसतो. 750 वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, झाले 825. त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी, तेव्हा 16 टक्के, झाले 957. मग ग्रीन टॅक्स. तो 1 जानेवारी 2025 पासूनच रिसॉर्टांसाठी माणशी रात्रीला 6 डॉलरवरून 12 झाला होता, म्हणजे दोघांचे 24. एकूण 981 डॉलर एका रात्रीचे, आणि स्पीडबोटचे पैसे वेगळे. जुलै 2025 पासून जीएसटी 17 टक्के झाला आहे, म्हणजे आता आणखी थोडं वर. चार रात्रींचा हिशोब साडेतीन लाखांच्या घरात जात होता. आधीचे गेलेले असताना तेवढे पुन्हा कुठून आणणार?

निघण्यापूर्वी त्या मुलाकडून एक गोष्ट मात्र मागून घेतली. बुकिंग कोणत्या तारखेला, कुणाकडून रद्द झालं आणि रिसॉर्टला काहीही रक्कम मिळालेली नाही, एवढं लिहिलेला ईमेल. त्याने आपल्या मॅनेजरशी बोलून तासाभरात तो पाठवायला लावला. पुढे बँकेत, पोलिसांत आणि ग्राहक आयोगात आमची बाजू उभी राहिली ती या ईमेलवर. अशी वेळ कुणावर आलीच तर काउंटर सोडण्याआधी हे लेखी घ्या. परत आल्यावर रिसॉर्ट तुमच्या मेलला उत्तर देईलच असं नाही, कारण त्यांचा करार तुमच्याशी नसतो.

हुलहुमाले हे वस्तीचं बेट विमानतळाला रस्त्याने जोडलेलं आहे. टॅक्सी करून तिथल्या गेस्टहाउसमध्ये गेलो आणि परतीच्या तिकिटापर्यंत तिथेच राहिलो. मालदीवमध्ये स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं आहेत, रिसॉर्टच्या मानाने कितीतरी स्वस्त, आणि स्वच्छ. तिथल्या लोकांनी आम्हाला जपलं. एरवी मी यावर भरभरून लिहिलं असतं. पण दोन वर्षं बाजूला टाकलेले पैसे कुणीतरी गिळलेत, हे डोक्यात असताना समोरचा समुद्र पाहवत नाही.

परत आल्यावरचे महिने याहून वाईट होते, कारण एजंट पळून गेला नाही. ऑफिस उघडं, पंखे चालू. "रिफंड प्रोसेसमध्ये आहे, ताई." मग एका ट्रान्स्फरचा स्क्रीनशॉट, जो खात्यात कधी आलाच नाही. मग चेक. ही त्यांची ठरलेली चाल आहे: माणसाला आशेवर ठेवायचं, म्हणजे तो तक्रार करत नाही आणि मुदती टळत जातात. मुदती खऱ्याच असतात. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर त्यानंतरच्या एक महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली कोर्टात तक्रार. आमचा चेक परत आला तेव्हा त्याने "पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा" असं गोड सांगितलं होतं. वकील मैत्रिणीने त्याच संध्याकाळी नोटीस लिहायला घेतली.

कार्डावरचे पन्नास हजार परत मिळाले. बँकेत डिस्प्यूट टाकला, सेवा मिळालीच नाही म्हणून, रिसॉर्टचा ईमेल जोडला. एनईएफटीने गेलेल्या रकमेला असा रस्ता नाही, आणि म्हणूनच हे लोक कार्डावर थोडेच घेतात आणि बाकीचं "कार्डला दोन टक्के जास्त पडतील" म्हणून खात्यात भरायला लावतात. ते दोन टक्के द्या. 1930 ही सायबर हेल्पलाइन पैसे गेल्या गेल्या फोन केला तर उपयोगाची. आमचे पैसे जाऊन महिने झाले होते.

पोलिसांनी आधी हा दिवाणी मामला म्हणून सांगितलं. मग त्याच ऑफिसने फसवलेली आणखी कुटुंबं भेटली. सगळ्यांची खोली फुकट रद्द करायच्या शेवटच्या एक-दोन दिवसांतच गेलेली होती. हे कागद एकत्र मांडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीचा, गुन्हा नोंदला गेला. ग्राहक आयोगातही तक्रार दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. मालदीवची खोली असली तरी विकणारा इथला आहे, त्यामुळे "परदेशातलं प्रकरण आहे, इथे काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणखी एक खूण कागदावरच सापडते. परदेशी टूर पॅकेज विकताना एजंटला आपल्याकडून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गोळा करून सरकारला भरायचा प्राप्तिकर, घ्यावा लागतो. आमच्या वेळी तो पाच टक्के होता आणि बिलात वेगळा दाखवला होता. तो आपल्या पॅनवर सरकारजमा व्हायला हवा आणि पॅनवर जमा झालेल्या कराच्या यादीत, आमच्या वेळी फॉर्म 26एएसमध्ये, दिसायला हवा. आम्ही पैसे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले होते. त्या तिमाहीचं विवरण भरायची तारीख 15 ऑक्टोबर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास नोंद दिसली असती. ती कधी आलीच नाही. टीसीएससुद्धा त्याने खिशात घातला होता. ज्यांचं निघणं अजून दोन-तीन महिने लांब आहे, त्यांनी आज प्राप्तिकराच्या पोर्टलवर जाऊन ही यादी उघडावी. नोंद नसेल तर एजंटला लेखी जाब विचारा.

आणि रिसॉर्टला मेल करा, पण एकदा करून थांबू नका. बुकिंग आहे का, एवढा प्रश्न पुरत नाही. फुकट रद्द करायची शेवटची तारीख कोणती, ते एजंटकडून आणि जमलं तर रिसॉर्टकडूनही काढून घ्या. त्या तारखेपर्यंत शेवटचा मोठा हप्ता हातात ठेवा. ती उलटली की दुसऱ्या दिवशी रिसॉर्टला पुन्हा लिहा: बुकिंग अजून चालू आहे ना, खोली पाण्यावरचीच आहे ना, जेवण कोणतं, बोट किंवा सीप्लेन त्यात धरलेलं आहे ना, आणि आमच्या विमानाचा नंबर तुमच्याकडे पोचला आहे का. दराबद्दल ते बोलणार नाहीत, तो त्यांच्यात आणि घाऊक विक्रेत्यात असतो. बाकीचं सांगतात. विमानाचा नंबर मुद्दाम विचारा. पाहुण्याला न्यायला बोट कधी सोडायची हे रिसॉर्टला त्यावरूनच ठरवावं लागतं आणि सीप्लेन तर दिवसाउजेडीच उडतं. निघायला पंधरा दिवस राहिले आणि रिसॉर्टकडे तुमचं विमान कुठलं याची नोंद नाही, तर काहीतरी बिनसलं आहे. आम्हाला रिसॉर्टकडून एकही मेल आला नव्हता. विचारलं तर एजंट म्हणायचा, "ते सगळं आमच्या आयडीवर येतं, ताई."

आमच्या ओळखीतल्या कोथरूडच्या एका जोडप्याने हे ऐकून आपल्या रिसॉर्टला लिहिलं. त्यांचं ऑफिस वेगळ्या नावाचं होतं, वेगळ्या रस्त्यावर. खोली आठवड्यापूर्वीच रद्द झालेली निघाली. त्यांचा शेवटचा हप्ता जायचा होता, तो त्यांनी रोखला. त्यांचं बिल आमच्या बिलाशेजारी ठेवून पाहिलं. जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. दोन्ही बिलांवर ती दहा अक्षरं एकच होती. आम्ही तेही तपास अधिकाऱ्याकडे दिलं आहे. तुमच्याकडे पुण्यातल्या एजंटचं बिल असेल आणि बुकिंग असं गुपचूप रद्द झालेलं असेल, तर बिलाची प्रत घेऊन ठाण्यात जा आणि अशाच फसवणुकीचा गुन्हा आधीच नोंदलेला आहे हे तिथे सांगा.