लिनक्सवर घरचं नेटवर्क: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले, घरातलं सगळं नेट एका जुन्या पीसीवरून चालतंय. त्याच्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय, दोन लॅन पोर्ट आहेत, एकात मोडेमची वायर, दुसऱ्यात स्विच, आणि आधीचा वायफाय राउटर आता नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय द्यायला, स्विचला लावलाय. पहिल्याच आठवड्यात लिहिणार होते, पण तेव्हा सगळंच भारी वाटत असतं म्हणून थांबले.

मोडेम आधी ब्रिज मोडला टाका. नाहीतर मोडेमही नॅट (घरातल्या सगळ्या मशीनना बाहेरच्या एकाच पत्त्यावरून नेट देणं) करतो आणि लिनक्सही, मग बाहेरून घरच्या मशीनवर यायचं असेल तर दोन्हीकडे पोर्ट उघडत बसावं लागतं. ब्रिज केलं की मोडेम फक्त लाइन सांभाळतो, आणि युजरनेम-पासवर्ड देऊन पीपीपीओई (नेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) जोडायचं काम लिनक्सकडे येतं. जोडणी झाली की पीपीपी० नावाचा वेगळा इंटरफेस तयार होतो, आणि मास्करेडचा, म्हणजे नॅटचा, नियम त्याच्यावर लावायचा, लॅन कार्डाच्या नावावर नाही. मी कार्डावर लावला होता. पीसीवरून नेट चालू, बाकी सगळ्या घरात बंद, आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवरची पॅकेट दुसऱ्यावर पाठवणं) तर चालू केलेलं, मग अडतंय कुठे हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

पण खरा त्रास दिला तो एमटीयूने, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल मापाने. पिंग जातंय, डीएनएस उत्तर देतंय, काही साइट झटक्यात उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, आणि तेही फक्त लॅपटॉप-मोबाइलवर, पीसीवर तीच साइट नीट उघडते. कारण असं की इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं, त्यातले ८ पीपीपीओईच्या हेडरला जातात, उरतात १४९२. पीसीला हे माहीत असतं, लॅपटॉपला नसतं, तो समोरच्या सर्व्हरला १५०० च्या हिशोबाने माप सांगतो, सर्व्हर तेवढी मोठी पॅकेट पाठवतो आणि ती वाटेत गळतात. 'पॅकेट छोटं कर' असा आयसीएमपी निरोप सर्व्हरपर्यंत पोचला तर भागतं, पण बऱ्याच ठिकाणी फायरवॉल तो अडवते. उपाय एका ओळीचा आहे, एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड चेनला, म्हणजे पीसीतून आरपार जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांना, एमएसएस क्लॅम्प लावायचा, मग ४० बाइटची हेडर वगळून उरलेल्या डेटाचं माप १४६० च्या जागी १४५२ सांगितलं जातं. एमटीयू तपासायचं असेल तर लॅपटॉपवरून तुकडे न करण्याचा पर्याय देऊन पिंग मारा, १४६४ चं गेलं आणि १४६५ चं अडलं की समजा बरोबर १४९२, कारण वरचे २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे. ते १४६५ अडलेलं बघितल्यावर मला जो आनंद झाला तो काय सांगू!

दुसरी गोष्ट केक, म्हणजे पॅकेटची रांग सांभाळणारा भाग. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. आधी कुणी मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप लावला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. आता अपलोडचा वेग खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवलाय, त्यामुळे रांग मोडेममध्ये न लागता पीसीमध्ये लागते, आणि केक ती सगळ्यांना नीट वाटून देतो. घरच्यांना बाकी कशातलं काही कळलं नाही, पण हा फरक मात्र लगेच कळला.

आयपीव्ही६ (नवे, लांब आयपी पत्ते) चालू करणार असाल तर फायरवॉल आधी लावा, तिथे नॅट नसतं, घरातल्या मशीनपर्यंत बाहेरून थेट येता येतं, म्हणून फॉरवर्ड चेन बाय डिफॉल्ट ड्रॉपच (मुद्दाम परवानगी दिलेलं सोडून सगळं अडवायचं) ठेवा.

एक खटकलेलं सांगते. लाइट जाऊन आली की पीसी मोडेमच्या आधी उठतो, आणि पीपीपीडी (ही जोडणी करणारा प्रोग्रॅम) सलग दहा वेळा जोडणी फसली की प्रयत्नच सोडून देतो, मग कुणीतरी हाताने चालू करायचं. कॉन्फिगमध्ये पर्सिस्ट (तुटलं की परत जोडत राहा) तर पाहिजेच, शिवाय मॅक्सफेल शून्य केलं, म्हणजे कितीही वेळा फसलं तरी सोडायचं नाही, तेव्हा ते थांबलं.

आणि लॉग. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. पाडो पॅकेटची (नेट कंपनीकडून येणारं पहिलं उत्तर) वाट बघून टाइमआउट असं आलं तर पलीकडून कुणी उत्तरच देत नाहीये, आधी वायर आणि लाइन बघा. ऑथेंटिकेशन फेल आलं तर लाइन ठीक आहे, घोळ अकाउंटचा. गेल्या महिन्यात नेट गेलं तेव्हा फोनवरचा माणूस मोडेम बंद करून चालू करा हेच सांगत होता, मी लॉगमधली ओळ वाचून दाखवली तसं त्याने अकाउंट तपासलं, आणि पाच मिनिटांत जोडणी परत आली.