अ‍ॅशली म्हणजे लोढणं नव्हे : ‘रेसिडेंट ईव्हिल ४’चा रिमेक

इंदुरात हा गेम घेण्याआधी लोक ग्राफिक्स कार्डाचं नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला : ‘ती अ‍ॅशली फार डोकं खाते का रे?’ नाही खात. अ‍ॅशली म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पळवून नेलेली मुलगी, आणि तिला सोडवायला निघालेला लिऑन म्हणजे तुम्ही. कॅपकॉम कंपनीच्या या रिमेकमध्ये, म्हणजे जुन्या गेमच्या नव्या घडणीत (२४ मार्च २०२३), ती नसती, तर नुसती नेमबाजी उरली असती.

डोकं खाण्याचा लौकिक २००५ च्या मूळ गेमचा. त्यात तिला लिऑनसारखीच स्वतंत्र हेल्थ पट्टी होती. औषधी पाला दोघांत वाटायचा, त्यातला पट्टी लांबवणारा पिवळा कोणाला द्यायचा यावर खल करायचा. ‘थांब’ सांगून तिला कोपऱ्यात उभी करावी, तर मागून कोणीतरी तिला खांद्यावर टाकून चालू लागायचं. दोष त्या हिशेबाचा होता, शिव्या मात्र पोरीला पडल्या.

रिमेकने ती पट्टीच काढून टाकली. वार बसला की अ‍ॅशली खाली कोसळते. जवळ जाऊन बटण दाबलं की उठते, पाला खर्च होत नाही. कोसळलेली असताना दुसरा वार बसला तर मात्र खेळ खलास. तिला उचलून हद्दीबाहेर नेलं तरी तेच.

कंट्रोलरची उजवी स्टिक दाबली (आर३) की ‘टाइट’ आणि ‘लूज’ अशी चाल बदलते. इंदुरातल्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, लहान मुलाला घेऊन राजवाड्यापर्यंत गेलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. वाट काढायची असते तेव्हा मनगट घट्ट धरायचं. धक्के सुरू झाले की पोराला भिंतीकडे सरकवून आपण पुढे व्हायचं. टाइटमध्ये ती पाठीला चिकटून पळते. सातव्या चॅप्टरमध्ये किल्ल्यात शिरताना कॅटापल्टचे आगगोळे बरसतात, तिथे एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत धावायला हीच चाल हवी. पण कुऱ्हाडवाला अंगावर आला, की तुमच्यासाठी उगारलेल्या वाराच्या टप्प्यात तीही येते. म्हणून हाणामारीची चाहूल लागताच लूज, म्हणजे ती अंतर राखून मागे राहते. बरेच नवखे अख्खा गेम टाइटवर खेळतात आणि मग ‘मध्येमध्ये येते’ म्हणून कुरकुरतात.

लूजचीही एक खोड आहे. खोली अरुंद असली की तिला मागे सरकायला जागा राहत नाही आणि ती कोपऱ्यात अडकते. अशा खोलीत लढूच नका, दाराबाहेर येऊन शत्रूला बाहेर ओढा. कोणी तिला उचललंच तर घाबरून गोळ्यांचा पाऊस पाडायचा नाही. पिस्तुलाने उचलणाऱ्याच्या पायावर नेम धरा. शॉटगनचा फैलाव आणि स्फोटाचे ग्रेनेड तिच्या आसपास नकोत. घोळका मोठा असेल तर डोळे दिपवणारा फ्लॅश ग्रेनेड टाका. त्यासाठी एक तरी कायम राखून ठेवा. चाकूही जपा. वार अडवताना तो झिजतो आणि नेमका अडचणीच्या वेळी मोडतो. मर्चंट, म्हणजे गेममधला हत्यारांचा व्यापारी, भेटला की आधी चाकूची दुरुस्ती, मग बंदुकांचे लाड.

आता ‘सोडवायची बाई म्हणजे बिचारी बाई’ या आक्षेपाबद्दल. रुक्मिणीने पत्र धाडून कृष्णाला बोलावून घेतलं, तिला आपल्याकडे कोणी बिचारी म्हणत नाही. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मधली राजकन्या वाळूच्या घड्याळापाशी साठ मिनिटं वाट बघत असते खरी. पण आठव्या लेव्हलला दार पडून राजपुत्र कोंडला जातो, तेव्हा तिनेच पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळ दाबतो. आठव्या लेव्हलपर्यंत जे पोचलेच नाहीत, त्यांना ती नुसती उभी दिसली यात नवल नाही.

अ‍ॅशलीही त्याच घराण्यातली. तिला वर चढवलं की ती पलीकडे जाऊन आतून दार उघडते. मागून कोणी आलं तर ओरडून सावध करते, आणि हेडफोन लावून खेळलात तर तो आवाज रडारसारखा उपयोगी पडतो. नवव्या चॅप्टरमध्ये तर तुम्हीच अ‍ॅशली असता. बंदूक नाही, हातात फक्त कंदील. त्याचा निळा उजेड रोखला की चालती चिलखतं थोडा वेळ गोठतात, तेवढ्यात पुढे सटकायचं. पुढे बेटावर भिंत फोडायचं यंत्र तीच चालवते आणि लिऑन खाली शत्रूंना थोपवून धरतो. तिथे कोण कोणाला सोडवतंय, ते तुम्हीच ठरवा.

आणि खेळ म्हणून बघितलं तर एकटा लिऑन मागे सरकत सरकत गावच्या गाव गारद करतो. ती बरोबर असली की मागे सरकता येत नाही, कारण मागे ती असते. बंदुका त्याच, शत्रू तेच, तरी प्रत्येक पाऊल आधी विचार करून टाकावं लागतं. मोठी सोय वाटणारी मोकळीक किती सपक होती, हे ती नसलेल्या चॅप्टरांत जाणवतं.

तक्रार एकच. तिला फार वेळा पळवतात. पहिल्यांदा कथेची गरज म्हणून पटतं, नंतर लेखकांची सोय वाटू लागते.

‘चेनसॉ डेमो’ फुकट आहे, पण त्यावरून मत बनवू नका. त्यात अ‍ॅशली नाहीच. पीसीवर किमान ८ जीबी रॅम आणि ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड लागतं. मराठी-हिंदी सबटायटल नाहीत. रक्तपात भरपूर आहे, घरातली लहान मुलं झोपल्यावरच लावा. इंदुरात भंवरकुआँकडच्या कॅफेत तासावर खेळणार असाल तर टाइपरायटरवर (गेममध्ये खेळ सेव्ह करायची जागा) स्वतःच्या वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, नाहीतर पुढचा गिऱ्हाईक त्यावरच आपला खेळ लिहून जाईल. ‘प्रोफेशनल’ या सर्वांत अवघड पातळीत ऑटोसेव्ह नसतो, त्यामुळे तास संपायला दहा मिनिटं उरली असतील तर टाइपरायटर सोडून पुढे जाऊ नका.