फिटनेस बँड घेतलात तर आधी त्याचं टार्गेट बदला

दिवाळीत आईसाठी फिटनेस बँड घेतला, दोन हजारांच्या आतला, या रेंजमधले सगळे साधारण सारखेच म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. बॅटरी आठवडाभर आरामात जाते, आकडे मोठे दिसतात, आईला चष्मा शोधावा लागत नाही. पट्टा मात्र घामाने चिकचिकतो.

पण खरा त्रास वेगळाच झाला. टार्गेट आधीपासूनच १०,००० पावलांचं होतं. आई एकसष्ट वर्षांची, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा मंडईतनं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिने चढून आली आणि बघते तर पावलं जेमतेम वाढलेली, कारण बँड हाताच्या हेलकाव्यावरनं मोजतो आणि पिशव्या धरलेले हात हलणार कुठनं. बसून लादी पुसली ती तर त्याच्या हिशोबातच नाही. रात्री नऊला मनगटावर थरथरला, अजून ६,००० बाकी. आईचं तोंड एवढंसं झालं, म्हणाली, "म्हणजे मी दिवसभर काहीच करत नाही का गं?" आठ दिवसांत बँड काढून फ्रिजवर ठेवला आणि संध्याकाळी बागेत जायची तेही सोडलं, म्हणे तेवढ्याने काय होणारे.

मला फार लागलं ते. मग वाचत बसले. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र आलं, ‘मानपो-केई’, म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर, तिथनं हा आकडा सगळीकडे पसरला. आणि २००७ चा अमेरिकेतला एक अभ्यास सापडला, आलिया क्रम आणि एलेन लँगर यांचा. ७ हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायका, त्यातल्या काहींना एवढंच सांगितलं की तुमचं हे काम म्हणजे चांगला व्यायामच आहे. ४ आठवड्यांनी त्यांचं वजन किलोभर कमी, वरचं बीपी १० ने खाली, आणि जास्तीचं काही केलं नाही असं त्यांचंच म्हणणं. अभ्यास छोटा आहे, पण आईला वाचून दाखवला तेव्हा ती दोनदा म्हणाली, "लादी पण धरतात?"

टार्गेट ४,५०० केलं, रात्रीचा रिमाइंडर बंद केला. आता बँड हातात असतो, बागेत आपणहून जाते, परवा तर दुसरी फेरी मारून आली.

घ्यायचा तर घ्या, बॉक्स उघडल्या उघडल्या सेटिंगमध्ये जा. आणि पट्टा कापडी घ्या, वेगळा मिळतो.